तुझ्या गळ्यातली सवाशीण

नानी, मी “काढा” म्हणाले.

एवढा एकच शब्द. तो ऐकायला तू नव्हतीस. म्हणजे होतीस, पण पाटावर बसवलेली, दोघींनी दंडाला धरलेली, केसांतून पाणी निथळत असलेली. काकूनं तुझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. “मंदे, हिचं काय करायचं? ठिवायचं का काढायचं? आई तुझी हाय, तू सांग.” दाराशी, ओट्यावर, जिन्यात जेवढ्या बायका होत्या त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. घरातली शिकलेली मी. हॉस्पिटलमध्ये सह्या मी केलेल्या, मृत्यूचा दाखला मी आणलेला, अमरधामला फोन मी केलेला. तेव्हा हेही मीच सांगणार. आणि मी सांगितलं.

गाठ सुटेना. कितीतरी वर्षांचं तेल, घाम आणि कुंकू तिच्यात मुरलेलं. शेवटी काकूनं कात्री मागितली आणि तीही मीच आणून दिली, शिवणाच्या डब्यातली. दोरा कापला गेला तसा त्यातला चांदीचा टाक घरंगळून तुझ्या मांडीवर पडला. तो मी उचलला. गळ्याच्या खळगीत, जिथे तो बसायचा, तिथे कातडीवर नखाएवढा फिकट डाग होता. काकूनं तिथे जरा जास्तच चोळलं, कुंकवाची लाली जावी म्हणून. मग मान तिरकी करून तुझ्याकडे बघत म्हणाली, “आता कसं, रीतीप्रमाणं झालं.”

नाना गेले तेव्हा याच काकूला तुझ्या गळ्यातून जे काढता आलं नव्हतं, ते मी तिला काढू दिलं. तेव्हा तू जिवंत होतीस आणि तुला मूठ मिटता येत होती. हे मला त्या क्षणी कळलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. कळलं. तरी गप्प राहिले, कारण टाक माझ्या हातात आला होता आणि मला तो हवा होता.

माझ्या ऑफिसातल्या बायकांना हे सगळं समजावून सांगावं लागेल, तुला नाही. पण तुझ्याशी बोलायचं तर मला सुरुवातीपासूनच बोलावं लागेल, नाहीतर मी मधलंच सोयीचं तेवढं सांगेन.

तू नानांची दुसरी बायको. पहिली माझी आई. ती गेली तेव्हा मी धरून धरून चालत होते, त्यामुळे ती मला आठवत नाही. तिचा फोटो नाही. पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या माणसाच्या बायकोचा फोटो त्या काळी कोण काढणार होतं? तू येवल्याकडची, तू तिला कधी पाहिलेलंही नव्हतंस. पण बिजवराला दिलेली बायको घरात आली की आपल्यात करतात तसं तुझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा पातळ पत्रा, चिंचोक्यापेक्षा जरा मोठा, त्यावर ठोकलेली एक बाई. दोन हात, पदर, कपाळाला ठिपका. ही माझी आई. नवं पातळ आलं की आधी तिला लावायचं, मग तू नेसायचं. सणाला पहिला घास तिचा. हळदकुंकू आधी तिला, मग तुला. तुझ्या गळ्यातलं मंगळसूत्र सांगायचं की हिला नवरा आहे, आणि त्याच्या वरचा टाक सांगायचा की तो आधी दुसरीचा होता.

मला लहानपणी कोणीतरी सांगितलं असणार, ती बघ तुझी आई. तेव्हापासून मी तुझ्या गळ्याशीच असायचे. दुपारी बाजार थंडावला की तू भिंतीला टेकायचीस, आणि मी मांडीत चढून टाक बोटांत धरायचे. माझ्या बोटांनीच त्या बाईचे नाक-डोळे पुसले गेले. “अगं हळू, झिजवशील तुझ्या आईला,” तू म्हणायचीस. मी काही सांडलं, फोडलं की माझ्यावर ओरडायच्या आधी हनुवटी गळ्याला टेकवून तिच्यावर ओरडायचीस. “बघ, बघ तुझी कार्टी. मीठ सांडलं सगळं. तू बसलीस इथं मजेत, निस्तरायचं मी.” शेजारच्या गाळ्यावरच्या बायका पोट धरून हसायच्या.

तुला मूल झालं नाही. भावकीत कुजबुज होती की सवत कोपली, हिनं तिला नीट खाऊपिऊ घातलं नसणार. त्या बोलण्यावर तू कोणाशी भांडली नाहीस. एकदा फक्त, तांदूळ निवडताना, मी शेजारी अभ्यास करत बसलेली असताना, तू खाली मान घालून तिला म्हणालीस, “ऐकलं का, तुझ्यावर ढकलत्यात. मी नाय हो म्हणलं.”

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. पण नानी, त्या वाक्याइतकं सभ्य वाक्य मी नंतर कॉलेजातसुद्धा ऐकलं नाही.

कॉलेजात मी घरातली पहिली गेले. हे मी आजही मान वर करूनच सांगते. तू पहाटे बाजारात बसलीस म्हणून मी वर्गात बसले, हेही सांगते, पण ते जरा कमी आवाजात सांगत आले. नव्वदीची सुरुवात होती. समाजशास्त्राच्या तासाला दागिन्यांवर चर्चा निघाली. मंगळसूत्र, जोडवी, हिरव्या बांगड्या, बाईनं अंगावर वागवायची नवऱ्याच्या नावाची पाटी. मुली मुद्दे मांडत होत्या. मी उठले आणि टाकाबद्दल सांगितलं. सरांनी मला पुढे बोलावून परत सांगायला लावलं. तोवर मी भाजीवाल्याची मुलगी होते, त्या तासाला एकदम कोणीतरी झाले. पुढच्या आठवड्यात दोन मैत्रिणींना घेऊन बाजारात आले, टाक दाखवायला. तू पालकावर पाणी मारत होतीस.

“नानी, जरा पदर बाजूला कर ना. यांना बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“टाक.”

तू एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलंस. “बघणाऱ्या लय येत्यात. आधी जुडी घ्या, मंग बघा. माल नुसता हाताळून जायचं नाय.”

त्यांनी हसत हसत पालक घेतला. तू पदर बाजूला करून मान वर धरलीस. एकीनं वाकून बघत विचारलं, “तुम्हाला राग नाही येत हिचा?”

“येतो की. मेली ती मेली, वर गळ्यात येऊन बसली. पण दिवसभर बोलायला दुसरं कोण हाय? नवरा तर भाव सांगण्यापुरता तोंड उघडतो.”

पलीकडे नाना काट्यावर वांगी टाकत होते. त्यांनी खरंच तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर मी तुला व्याख्यान दिलं. ही गुलामी आहे, दुसरी म्हणून तुझ्यावर शिक्का मारलाय, काढून टाक तो. तू भाकरी थापत सगळं ऐकलंस. तव्यावरची उलटून झाल्यावर म्हणालीस, “काढून ठिवू कुठं? तुझ्या पुस्तकात?”

मी बीए झाले त्या दिवशी पेढ्याचा पहिला तुकडा तू टाकाला लावलास. मंगळसूत्राला, दोऱ्याला, सगळीकडे खवा लागला. “तुझी लेक पास झाली बरं का,” तू तिला सांगितलंस. मी वैतागून म्हणाले, “अगं, सगळं चिकट झालं.” तू बोट चाटत म्हणालीस, “होऊंदे. लय खूश हाय ती.” आणि मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “मी पन.”

नाना गेले तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. भावकीतल्या बायकांनी तुला मधोमध बसवलं. बांगड्या फोडल्या. जोडवी निघेनात, वर्षानुवर्षं बाजारात बसून पायांची बोटं सुजलेली, साबण लावून ओढली. मंगळसूत्र काकूनं तोडलं. तू कशालाच हलली नाहीस. मग तिचा हात टाकाकडे गेला आणि तू त्याच्यावर मूठ मिटलीस.

“सोड,” काकू म्हणाली. “नवराच गेला, आता सवत कशाची?”

“नाय.”

“अगं, येडी का काय? दोघींचं बी कुंकू गेलं.”

“माझं गेलं. हिचं नाय जात.” तुझा आवाज बाजारातला होता, लांबच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा. “ही अहेव गेलीय. नवरा जिता असताना गेलीय. हिचं कुंकू आता कुणाच्या बापाला पुसता येत नाय. लावून बघा हात.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुद्दा बिनतोड होता. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई कायमची सवाशीण, हे त्याच तर तुला इतकी वर्षं शिकवत आल्या होत्या. त्यांच्याच रीतीनं तू त्यांना अडवलंस. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बांगड्या फोडू नका म्हणायला मी घरून निघताना शब्दसुद्धा जुळवले होते. ते तोंडातच राहिले. जे काही वाचलं, ते तू वाचवलंस.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आंघोळ करून तू देव्हाऱ्यापुढे बसायचीस. रिकामं कपाळ, रिकामे हात. करंड्यातलं कुंकू बोटावर घ्यायचीस आणि गळ्यातल्या बाईच्या कपाळाला लावायचीस. दुपारपर्यंत घामानं ते खाली ओघळायचं, फिक्या पोलक्याच्या गळ्याशी तांबडा डाग पडायचा. विधवेच्या गळ्याला कुंकू. बाजारात ते लपून राहणार होतं थोडंच? ओळखीच्या बायका टोचायच्या, “मावशी, कुंकू खाली सरकलं का?” तू कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणायचीस, “वय झालं. आता सगळंच खाली सरकतं. देऊ का एक?”

तू हसून नेलंस. मी नाही नेऊ शकले. मी अंबडला एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब विभागात लागले होते, सिडकोत फ्लॅट घेतला होता. तू यायचीस तेव्हा मी दारातच म्हणायचे, “पदर जरा पुढे घे.” माझं स्वतःचं मंगळसूत्र मी ऑफिसात घालत नव्हते, तत्त्व म्हणून. सासरची माणसं यायची असली की रिक्षात बसल्यावर पर्समधून काढून घालायचे. ते कोणत्या तत्त्वात बसतं हे मला कोणी विचारलं नाही, तू सोडून. “तुझं बरंय बाई,” तू म्हणालीस. “नवरा पर्समधी मावतो.”

आणि मग ती संक्रांत.

हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवावं असं तेव्हा पेपरात येत होतं. मला ते पटलं होतं, आजही पटतं. मी ऑफिसातल्या बायका बोलावल्या, तिळगूळ केला, वाण आणलं आणि तुला मुद्दाम घेऊन आले. सोफ्यावर मधोमध बसवलं. सगळ्या जमल्यावर मी चार वाक्यं बोलले. “आपण शिकलेल्यांनीच सुरुवात करायला हवी. माझ्याकडे आजचा पहिला मान विधवेचा.” तुझ्यासमोर, तुझ्याकडे हात करून, मी तो शब्द उच्चारला. भावकीतल्या बायकांनी तुझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं, पण तोंडावर तुला तो शब्द कोणी म्हटला नव्हता.

मी तुझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. तुला विचारलं नव्हतं. तू हलली नाहीस, जोडवी ओढत होते तेव्हा बसली होतीस तशीच बसलीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तू शांतपणे कपाळावरचं कुंकू बोटानं टिपलंस, पदर बाजूला केलास आणि ते टाकाला लावलंस. कपाळावर पुसट रेघ राहिली, तीही तू पदरानं पुसलीस.

“हे काय आहे?” आमच्या साहेबांच्या बायकोनं विचारलं.

मी काय सांगणार होते? की ही माझी आई? की माझी सावत्र आई माझ्या आईला गळ्यात घालते? वर्गात हेच सांगून मी मिरवले होते. पण तिथे ती लांबची गोष्ट होती, इथे ती माझ्या सोफ्यावर बसली होती, तिच्या टाचांना भेगा होत्या आणि पोलक्याला डाग होता.

“देवी आहे,” मी म्हणाले. “आमची कुलदेवता.”

तू माझ्याकडे बघितलंस. फार नाही, जुडीतलं एखादं पान सडकं निघालं की बघतात तेवढंच. मग त्या बाईकडे वळून म्हणालीस, “हां. देवीच हाय. लय कडक. जपून बघा.” सगळ्या हसल्या. दोघीतिघींनी खरंच हात जोडले. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, परक्या बायका माझ्या आईच्या पाया पडल्या आणि ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तुला सोडायला रिक्षातून येताना द्वारका चौकापर्यंत तू रस्ताच बघत होतीस. मग म्हणालीस, “तिची देवी केलीस. बरं केलंस.” पदर सारखा करत, “आन् माझं काय केलंस गं?”

मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. पण आपलं भांडण मिटलं ते तसंच, न बोलता, मेथी निवडता निवडता. रविवारी मी यायचे, आपण ओट्यावर बसायचो. असंच एकदा मी तुला म्हणाले, “नानी, खरं सांग, तू हे सगळं पुण्य म्हणून करतेस ना? सवतीची सेवा, पुढच्या जन्मी अमकं तमकं?”

“पुण्य?” तू काडी मोडलीस. “मला काय करायचंय पुण्य? पुढचा जन्म कुणाला पायजे? पुन्हा भाजीच विकीन.”

“मग?”

तू आजूबाजूला बघितलंस. जिन्यात कोणी नव्हतं. “हिच्या नावानं रोज माझ्या बोटाला कुंकू लागतं,” तू म्हणालीस. “येवढंच.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी उसळले. “अगं, मग कपाळालाच लाव ना! मी कधीची सांगतेय. कोण अडवतंय बघते. मी आहे ना!”

“तू म्हणून लावू?”

“म्हणजे?”

“कुंकू लावायला नाना म्हणायचे, पुसायला तुझी काकू म्हणली, आता पुन्हा लावायला तू म्हणतीस. माझ्या कपाळाला सगळ्यांचा हुकूम.” तू मेथीची पानं टोपलीत टाकलीस. “इथं गळ्याशी कुणाचा नाय. ही आन् मी.”

पदवी घेऊन, पुस्तकं वाचून मला जे सांगता आलं नव्हतं, ते तू देठ खुडत सांगितलंस, आणि मला त्यात हुकूम करणाऱ्यांच्या रांगेत काकूच्या शेजारी उभं केलंस. राग आला. खरं म्हणजे रांगेतली जागा बरोबर होती म्हणून राग आला.

त्याच ओट्यावर, त्यानंतर काही महिन्यांनी, तू म्हणालीस, “मी गेले की हिला काढायचं नाय. माझ्याबरूबर जाऊंदे.”

“असं कसं?” मी म्हणाले. “ती माझी आई आहे. फोटो नाही, काही नाही. मला तेवढंच आहे तिचं.”

“तुझी हाय. पन राह्यली माझ्याकडं.”

“म्हणून काय जाळून टाकायची?”

मी वाट बघत होते. मला वाटलं, तू ओरडशील, बाजारातल्या आवाजात मला गप्प करशील, मग मी हरेन आणि बरं वाटेल. पण तू टोपली उचललीस आणि उठता उठता म्हणालीस, “बघ बाई. शिकलेलीला काय सांगायचं.”

त्याला मी तुझी परवानगी समजले. सोयीचं तेवढं समजायला मी चांगली शिकले होते.

हॉस्पिटलात तपासणीला नेताना नर्स म्हणाली, गळ्यातलं काढा. तू ऐकेनास. छातीला नळ्या, बोलताना धाप, तरी तुझी मूठ तिथेच. शेवटी तिनं टाकावर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली. स्ट्रेचर हलायच्या आधी तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, तेच सांगणार, काढू नको. तू म्हणालीस, “हिचं तोंड कशाला बंद केलं? सगळ्या घरात हीच एक कमी बोलती.” मी हसले. तूही हसायला गेलीस आणि खोकला आला. तुझं ते शेवटचं धड वाक्य. मला बजावून ठेवायची संधी होती, ती तू चेष्टेत घालवलीस. की तुला खात्री होती, बजावायची गरज नाही अशी? हा विचार मला आता सोडत नाही.

दहाव्याला रामकुंडावर भावकीतल्या अण्णाकाकांनी विचारलं, “टाक आणलास का गं? सोडून दे तिच्या मागं.” मी म्हणाले, “नाही, तो माझ्या आईचा आहे. माझ्याकडे राहील.” लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, “लेक ती लेकच. आईला विसरली नाय.” नानी, मला बरं वाटलं. घाटाच्या पायरीवर, तुझ्या पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी असताना, मला माझं कौतुक ऐकून बरं वाटलं. ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखी नाही.

परवा तेरावं झालं. पाहुणे गेले. काल सकाळी आंघोळ करून मी टाक बाहेर काढला. तू करायचीस तसंच करायचं ठरवलं होतं, रोज कुंकू लावायचं. तळहातावर घेतला तर गार.

मी चमकलेच. वाटलं, फरशीवर ठेवला होता म्हणून असेल. मुठीत धरून बसले. थोडा तापला. खाली ठेवला, परत गार. चांदीच ती, तिचा काय दोष? पण मी लहानपणी जे बोटांत धरून बसायचे ते कधी गार नव्हतं. थंडीत, पावसात, ताप आला असताना, कधीच नाही. मला वाटायचं, माझी आई अशी आहे, ऊबदार. शाळेत कोणी विचारलं, तुझी आई कशी होती, तर मी तेच सांगायचे. गरम होती. पोरं हसायची.

ती तू होतीस.

माझ्या आईची म्हणून जी एकमेव आठवण मी इतकी वर्षं सांभाळली, जिच्यासाठी तुझ्याशी भांडले, जिच्यासाठी तुझा दोरा कापू दिला, ती तुझ्या गळ्याची ऊब होती. एवढं कळायला मला तुला अमरधामला पोचवून यावं लागलं. हातात उरलाय तो नाक-डोळे नसलेला एक पत्रा, आणि तो मला काहीच सांगत नाही.

उद्या मी रामकुंडावर जाणार आहे. अण्णाकाकांना सांगितलं नाही, काकूला तर नाहीच. टाक पाण्यात सोडणार आहे. यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे. गळ्यातून काढलेलं परत गळ्यात घालता येत नाही. तू गेलीस ती उघड्या गळ्यानं गेलीस, काकूच्या रीतीप्रमाणं, आणि ते माझ्या शब्दानं. तुला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि तीही मी काही द्यायची नव्हती, नुसता हात लावायचा नव्हता. तेवढंही झालं नाही.

तिला मात्र आता मागाहून एकटीला यावं लागतंय. जरा थांब तिच्यासाठी. तू तिला कधी पाहिलं नाहीस, मला ती आठवत नाही, तेव्हा ती दिसायला कशी आहे हे मी तुला सांगू शकत नाही. पण गर्दीत चुकामूक होईल अशी काळजी करू नकोस. तू नुसती उभी राहा, ती तुला ओळखेल. इतकी वर्षं तिनं तुला जितक्या जवळून पाहिलंय, तितकं आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.